नाटकाच्या पेटीतल्या टिकल्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याजवळच्या आमच्या गावात जत्रेला मराठी नाटक ठरलेलेच. त्या नाटकाच्या कपड्यांची पेटी बरीच वर्षे माझ्याकडे आहे. शिवणे, उसवणे, टिकल्या लावणे, पावसाळ्याआधी सगळे वाऱ्यावर घालून परत भरून ठेवणे ही कामे मी करते. आजूबाजूच्या नाट्यमंडळांकडून, नाचाच्या क्लासमधून आणि शिगम्याच्या चित्ररथवाल्यांकडून मला तेच ते प्रश्न येतात. टिकल्या काळ्या पडल्या, विरघळल्या, वळल्या, आता काय करू? फोनवर सांगून पुरे पडत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते. दोन टिकल्या दिसायला जुळ्या असल्या, तरी एक चांदीची असेल आणि दुसरी जिलेटिनची. ती कशाची आहे हे कळल्याशिवाय तिला पाणी, इस्त्री किंवा औषध लावू नका.

टिकली, चमकी, सितारा, सिक्विन हे सगळे एकच का?

बोलताना एकच. काम करताना थोडा फरक पडतो. जरदोजीचे कारागीर धातूच्या बारीक चकतीला सितारा म्हणतात. मध्ये खोलगट असेल तर ती कटोरी. आपण घरात सगळ्यालाच टिकली म्हणतो आणि दुकानात गेलो की चमकी मागतो. भोक मधोमध असले तर टिकली कापडाला चिकटून बसते. भोक काठाला असले तर ती लोंबते आणि हलते, आणि अशी टिकली बहुधा आकाराने मोठी असते. खरेदीला जाल तेव्हा आकार मिलिमीटरमध्ये सांगा. 'लहान' आणि 'मध्यम' यांचा अर्थ दुकानागणिक बदलतो.

पोर्तुगीज भाषेत टिकलीला 'लांतेझोला' म्हणतात. हा शब्द स्पॅनिशमधून आला आणि मुळात त्याचा अर्थ मसुराचा छोटा दाणा. डब्यातली मसूर हातात घेऊन बघा, हे नाव देणाऱ्याची नजर किती बारीक होती ते कळेल.

'सिक्विन' हा शब्द आला कुठून?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण उत्तर आपल्या दागिन्यांच्या डब्यात आहे. अरबीत 'सिक्का' म्हणजे नाण्यावर छाप उठवायचा ठसा. आपला 'शिक्का' तिथलाच. तोच शब्द इटलीत गेला आणि व्हेनिसच्या टांकसाळीचे नाव 'झेक्का' झाले. त्या टांकसाळीतल्या सोन्याच्या नाण्याला पुढे 'झेकिनो' म्हणू लागले, फ्रेंचांनी त्याचे 'सिक्विन' केले. व्हेनिसने हे नाणे १२८४ साली पाडायला सुरुवात केली. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. १७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचे प्रजासत्ताक संपवले, तोवर पाच शतके त्याचे वजन आणि कस जवळपास तसाच राहिला. म्हणून ते कुठेही चालत असे, आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही. पोर्तुगीज काळातल्या गोव्याच्या बाजारातही व्हेनिसचे सोने फिरत होते.

त्या नाण्याच्या एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख आणि दुसऱ्या बाजूला लंबगोलात उभा ख्रिस्त. आपल्या माणसांना त्यात माणसांच्या आकृत्या दिसल्या आणि त्यांनी नाण्याला 'पुतळी' म्हटले. पेशवेकालीन कागदांत पुतळी हे नाणे म्हणूनच येते. ती नाणी ओवून गळ्यात घालायची ती पुतळ्यांची माळ. नाणे बंद झाले, तरी सोनारांनी तशाच चकत्या घडवणे चालू ठेवले. आज त्यांवर लक्ष्मी किंवा अशीच एखादी आकृती असते.

आजीची पुतळ्यांची माळ आणि नातीच्या फ्रॉकवरचे सिक्विन, दोन्हींची नावे एकाच नाण्यावरून पडलेली. इंग्रजीत कपड्यावरच्या चकतीला हे नाव मिळाले ते बरेच उशिरा, १९व्या शतकाच्या अखेरीस. तोवर नाणे बाजारातून गेले होते आणि शब्द मोकळा होता.

मुळात कपड्यावर चकत्या लावायच्या कशाला?

संपत्ती अंगावर बाळगायची म्हणून. सोने पेटीत ठेवले तर चोरीला जाते, अंगावर शिवले तर माणसाबरोबर राहते आणि चार लोकांना दिसतेही. पश्चिम आशियात आणि बाल्कन भागात बायकांच्या ओढणीवर, टोपीवर खरी नाणी शिवत. लमाणी बायकांच्या पोशाखावरही नाणी, आरसे, कवड्या असतात. कळंगुट, हणजुणेच्या किनाऱ्यावर या बायका आरसेकामाच्या पिशव्या विकताना तुम्ही पाहिल्या असतील. पुढच्या वेळी घासाघीस करण्याआधी एक आरसा कसा बसवला आहे ते जवळून पाहा. आरशाला भोक नसते. त्याच्याभोवती दोऱ्याची चौकट विणून त्याला धरून ठेवलेले असते.

फार जुन्या टिकल्या कुठे सापडल्या?

इजिप्तच्या तुतनखामेन राजाची कबर नोव्हेंबर १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांना सापडली. आतल्या वस्त्रांवर सोन्याच्या छोट्या चकत्या शिवलेल्या होत्या. राजा गेला त्याला तेव्हा तीन हजारांहून अधिक वर्षे झाली होती. बरेचसे कापड जीर्ण झाले होते, पण सोन्यावर काळाचा परिणाम झाला नव्हता. त्या शोधाची बातमी युरोप-अमेरिकेत पसरली आणि इजिप्शियन थाटाची लाट आली. त्या दशकातल्या नाचाच्या पोशाखांवर मणी आणि टिकल्या भरभरून दिसतात, त्याला ही लाटही कारण झाली.

यंत्रे नव्हती तेव्हा धातूची टिकली कशी बनवत?

फार हुशारीने. पातळ पत्र्यातून चकती कापायची तर कडेचा पत्रा वाया जातो. चांदी वाया घालवणे कुणाला परवडणार? म्हणून तार घ्यायची, सळईभोवती स्प्रिंगसारखी गुंडाळायची, मग लांबीने एक काप द्यायचा. हातात सुट्या कड्यांचा ढीग येतो. एकेक कडी ऐरणीवर ठेवून हातोडीचा एक ठोका द्यायचा की ती पसरून चपटी होते आणि मध्ये आपोआप भोक राहते. तारेची दोन टोके जिथे भेटतात तिथे भोकापासून काठापर्यंत एक बारीक रेष उरते.

ती रेष लक्षात ठेवा. जुन्या शेल्यावरची टिकली भिंगाखाली धरली आणि ती रेष दिसली, तर ती हाताने तारेची बनवलेली आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १७व्या शतकाच्या सुरुवातीचे मार्गारेट लेटन या बाईचे भरतकाम केलेले जाकीट आहे. त्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या चकत्या आहेत. लिओनार्दो दा विंचीने तर चकत्या पाडायच्या यंत्राचे रेखाटन करून ठेवले होते. ते मिलानच्या अँब्रोझियाना ग्रंथालयातल्या त्याच्या कागदांत आहे.

आपल्याकडे हे काम जरीच्या धंद्याबरोबर वाढले. सुरत त्याचे मोठे केंद्र. तिथे आजही असली जर आणि नकली जर असे भेद करतात. असलीत चांदीवर सोन्याचा मुलामा, नकलीत तांब्याच्या तारेवर चांदीचा हात. टिकल्यांचेही तसेच. आमच्या पेटीतल्या जुन्या शेल्यांवर बहुतेक नकलीच आहेत, कारण गावच्या नाटकाला तेवढेच झेपत होते. मला त्या असलीइतक्याच प्रिय आहेत.

तारेचे भरतकाम जवळून पाहायचे असेल, तर जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात जा. तिथली भरतकाम केलेली धर्मवस्त्रे पाहायला मी प्रत्येक शिकाऊ मुलीला पाठवते.

धातू परवडत नसे तेव्हा काय वापरत?

बेगड. कथलाचा किंवा तांब्याचा अगदी पातळ, रंगीत, चमकदार पत्रा. मखर, ताजिया, लग्नाचे बाशिंग, नाटकातले मुकुट, सगळीकडे बेगडच. 'बेगडी' हा शब्द आपण वाईट अर्थाने वापरतो याचे मला वाईट वाटते. नवरात्रात फोंडा तालुक्यातल्या देवळांत कीर्तनाच्या तालावर मखर झुलवतात. दिव्यांच्या उजेडात ते मखर लखलखते तेव्हा त्या चमकेला कुणी खोटे म्हणेल का?

त्याशिवाय अभ्रकाचे तुकडे होते, काचेचे आरसे होते. आणि भुंगेऱ्यांचे पंख! हिरवे-सोनेरी झळकणारे जे भुंगेरे असतात त्यांचे वरचे कडक पंख भारतात मुघल काळापासून कपड्यांवर शिवले जात. त्यांचा रंग कुठल्या रंगद्रव्याचा नाही. पंखाच्या अतिसूक्ष्म थरांवरून उजेड परततो तेव्हा तो रंग दिसतो, म्हणून तो उडतही नाही. १८८८ साली लंडनच्या रंगभूमीवर एलेन टेरी या नटीने लेडी मॅकबेथच्या भूमिकेत घातलेल्या पोशाखावर असे सुमारे हजार पंख होते. तो पोशाख आजही जपून ठेवलेला आहे आणि अजून चमकतो.

जिलेटिनच्या टिकल्या खरेच होत्या का?

होत्या. १९२०-३० च्या दशकांत युरोप-अमेरिकेत त्या खूप चालल्या. धातूच्या टिकल्यांचा पोशाख जड होतो, नाचणारीचे खांदे दुखतात. जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेले जिलेटिन लाटून पातळ पत्रा केला, रंगवला, चकत्या पाडल्या. वजन जवळपास काहीच नाही. पण जिलेटिन म्हणजे जेली. ते गार पाण्यात फुगते आणि ३५ अंशांच्या आसपास कोमट पाण्यात विरघळते. माणसाच्या अंगाची ऊब त्याहून जास्त असते. पावसात सापडले की पोशाख गेला. नाचताना जोडीदाराचा घामेजला हात कमरेवर राहिला तरी तिथे डाग पडे. आपल्या आषाढात ही टिकली किती दिवस टिकली असती याचा विचार करा.

त्याच काळात सेल्युलॉइडच्याही टिकल्या होत्या. त्या पाण्याला दाद देत नसत, पण क्षणात पेट घेत. रंगमंचावर उघड्या दिव्यांजवळ तो धोका फार मोठा होता.

प्लॅस्टिकची टिकली कधी आली?

टप्प्याटप्प्याने. आधी सेल्युलोज अॅसिटेट. हा पदार्थ कापसापासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून बनतो आणि सेल्युलॉइडसारखा भडकत नाही, म्हणून सिनेमाच्या फिल्मसाठी तो आधीच वापरात होता. अमेरिकेत अल्जी ट्रिमिंग्ज या कंपनीने १९३० च्या दशकात ईस्टमन कोडॅकच्या साह्याने अॅसिटेटच्या टिकल्या बनवल्या. पारदर्शक रंगाखाली चांदीचा थर असे. उजेड रंगातून आत जाई, चांदीवर आपटून परत येई, आणि टिकली आतून पेटल्यासारखी दिसे. पुढे चांदीच्या जागी स्वस्त अॅल्युमिनियम आले. दोष एकच, ती ठिसूळ असे.

१९४१ मध्ये इंग्लंडमध्ये विनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी पॉलिएस्टर शोधले. १९५० च्या दशकात ड्युपाँटने त्याची 'मायलार' ही फिल्म बाजारात आणली. तिचे आवरण अॅसिटेटच्या टिकलीला मिळाले आणि टिकली धुता येऊ लागली. मग पीव्हीसी आले. आज बाजारात मुख्यत्वे पीव्हीसी आणि पॉलिएस्टर. चमक येते ती निर्वात कपाटात अॅल्युमिनियमची वाफ करून फिल्मवर बसवलेल्या थराची. तो थर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. नखाने खरवडला की चांदणे उडाले आणि खाली नुसते प्लॅस्टिक, असे का होते ते यावरून कळेल.

माझ्याकडच्या जुन्या कपड्यावरच्या टिकल्या कशाच्या आहेत हे कसे ओळखू?

आतल्या शिवणीजवळची, बाहेर न दिसणारी एकच टिकली काढा. आधी वास घ्या. आंबट, व्हिनेगरसारखा वास म्हणजे अॅसिटेट कुजू लागले आहे. कापरासारखा वास म्हणजे सेल्युलॉइड. असा कपडा दिव्यापासून आणि देवघरापासून लांब ठेवा.

मग ती कोमट पाण्याच्या वाटीत टाका. फुगून चिकट झाली तर जिलेटिन. नाही झाली तर पुसून तिच्यावर अॅसिटोनचा थेंब सोडा. नखांचे रंग काढायच्या काही द्रावणांत ते असते. विरघळून गोळा झाली तर अॅसिटेट किंवा सेल्युलॉइड, नुसती मऊ पडली तर बहुधा पीव्हीसी, काहीच झाले नाही तर पॉलिएस्टर. ही परीक्षा काढलेल्या टिकलीवरच करायची, कपड्यावर कधीही नाही.

धातूची टिकली हातालाच कळते. थंड लागते आणि बोटाने दुमडली तर दुमडलेलीच राहते. काळी पडली असेल तर चांदी, हिरवी पडली असेल तर तांबे किंवा पितळ.

काडी लावून बघू नका. सेल्युलॉइड भपकन पेटते आणि पीव्हीसी जळताना निघणारा धूर नाकाडोळ्यांना इजा करतो.

धुवू का? इस्त्री करू का? ड्रायक्लीनला देऊ का?

जिलेटिन: नाही, नाही, नाही. फक्त कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा.

पॉलिएस्टर आणि पीव्हीसी: कपडा उलटा करून, गार पाण्यात, रिठ्याच्या फेसात पाच मिनिटे. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत आडवा पसरा.

इस्त्री शक्यतो नकोच. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच मऊ पडते. पॉलिएस्टर वितळायला २५० अंश लागतात, पण फिल्म त्याच्या खूप आधी आकसून वळते. मी स्वतः एकदा घाईत कृष्णाच्या शेल्यावर मागून इस्त्री फिरवली होती. प्रयोग रात्री साडेदहाला आणि हातात वळलेल्या टिकल्यांचा शेला. तेव्हापासून सुरकुती घालवायला मी कपडा आंघोळीच्या वाफेच्या खोलीत टांगते.

ड्रायक्लीनला देताना काउंटरवरच्या माणसाला टिकल्या दाखवा. मी एकदा दाखवल्या नाहीत. एका धुलाईच्या दुकानातून आमचा मोरपंखी परकर परत आला तेव्हा रंग धुऊन गेले होते आणि टिकल्या कडक होऊन मोडत होत्या. तिथले द्रावण रंगाचा थर काढते आणि पीव्हीसीचा मऊपणा शोषून घेते. त्या परकरासाठी आमच्या बायकांनी दोन महिने बसून टिकल्या लावल्या होत्या. अजून आठवले की वाईट वाटते.

गोव्याच्या पावसाळ्यात कशा सांभाळायच्या?

जून ते सप्टेंबर इथे सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवेत समुद्राचे मीठ असते. ओलावा आणि मीठ मिळून तांब्या-पितळेला हिरवी पुळी आणतात. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे.

मे महिन्यात कपडे सावलीतल्या वाऱ्यावर दोन दिवस ठेवा. घामाचा भाग, म्हणजे काखा आणि गळपट्टी, आधी स्वच्छ करा, कारण घामातही मीठच असते. मग धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळा. घडीच्या मोडीत जुन्या मलमलीची वळकटी ठेवा म्हणजे टिकली टिकलीवर घासत नाही. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. रबरबँड नको, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. वर्तमानपत्र नको, त्याचा कागद आम्लधर्मी असतो. डांबरगोळ्या जरीला किंवा टिकल्यांना टेकून ठेवू नका. श्रावणात कडक ऊन पडले की पेटी एकदा उघडा.

काळी पडलेली टिकली चिंचेने किंवा राखेने घासू नका. टिकली उजळेल, पण खालचा दोरा आणि कापड जाईल.

रंगमंचासाठी कटोरी घ्यावी की चपटी?

चपटी टिकली आरशासारखी आहे. उजेड एका दिशेला फेकते, म्हणून नट हलला की लखकन चमकते आणि विझते. कटोरीला पैलू असतात, प्रत्येक पैलूची दिशा वेगळी, म्हणून ती कुठूनही थोडी थोडी चमकत राहते. राजाच्या अंगरख्याला मी कटोरी लावते, कारण तो बराच वेळ सिंहासनावर बसून असतो. नाचणारीला चपटी, काठाला भोक असलेली.

पेडण्याकडचे जुने दशावतारी सांगतात की गॅसबत्तीच्या पिवळ्या उजेडात पितळी टिकली जी दिसायची ती आता दिसत नाही. ते खरे आहे. पिवळा उजेड सोनेरी रंगाला उठाव देतो, पांढऱ्या एलईडीत तीच टिकली फिकट दिसते. प्रकाशयोजना करणाऱ्याला एक दिवा पिवळसर ठेवायला सांगा.

हाताने लावाव्या की तयार पट्टी आणावी?

मंडळाकडे दहा दिवसच असतील तर मुंबईच्या भुलेश्वर बाजारातली पट्टी आणा. पण पट्टीवरच्या टिकल्या पुष्कळदा एकाच सलग साखळीटाक्यावर असतात. एक टोक सुटले की सगळी ओळ ओघळते. कापलेले टोक लगेच गाठून टाका.

खाटल्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, कापड ताणून आरीने लावलेली टिकली भराभर होते. ही आकड्याची सुई भारतातून १८व्या शतकात युरोपात गेली आणि फ्रान्सच्या लुनेव्हिल गावाचे मणी-टिकल्यांचे काम तिच्यावरच नावारूपाला आले. हाताच्या सुईने लावताना मी टिकलीवर एक बारीक मणी ठेवते आणि दोरा त्याच भोकातून परत खाली नेते. दर आठ-दहा टिकल्यांनंतर गाठ. वेळ लागतो, पण एक टिकली तुटली तर तेवढीच जाते.

टिकल्यांनी पर्यावरणाचे नुकसान होते का?

होते. गोल आकार कितीही दाटीने मांडले तरी पत्र्याचा जास्तीत जास्त ९०.७ टक्के भाग वापरला जातो. उरलेला भाग कारखान्यातच कचरा होतो, प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. कार्निव्हल आणि शिगम्याच्या मिरवणुकीनंतर पणजीच्या रस्त्यावर सांडलेल्या टिकल्या मी पाहिल्या आहेत. पुढे पावसाचे पाणी त्यांना गटारातून मांडवीत नेते. पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लॅस्टिकला सूक्ष्मप्लॅस्टिक म्हणतात. बारीक टिकली जन्मतःच त्यात मोडते. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी घातली.

पर्याय शोधले जात आहेत. एलिसा ब्रुनाटो या डिझायनरने स्वीडनच्या संशोधन संस्थेबरोबर लाकडातल्या सेल्युलोजची टिकली बनवली. तिच्यात रंग घातलेला नाही. भुंगेऱ्याच्या पंखासारखाच तिचा रंगही रचनेतून येतो. आमच्यासारख्यांपर्यंत ती पोहोचेल तेव्हा पोहोचेल. तोवर टिकल्या पक्क्या शिवा, चित्ररथावर डिंकाने चिकटवू नका, आणि मिरवणूक संपल्यावर पाच मुलांना झाडू देऊन मागे पाठवा.

कपडा फाटला, टिकल्या शाबूत आहेत. काढून वापरू का?

जरूर. टिकली ओढू नका, मागून दोरा कापा. काढलेल्या टिकल्या पदार्थाप्रमाणे वेगळ्या बरण्यांत ठेवा आणि बरणीवर कपड्याचे नाव लिहा. धातूच्या टिकल्या प्लॅस्टिकच्या टिकल्यांत मिसळू नका, कारण पीव्हीसी जुने होताना आम्ल सोडते आणि धातूला खाते. माझ्याकडच्या एका बरणीवर 'नारद, निळा अंगरखा' असे लिहिले आहे. अंगरखा कधीच विरला. त्यातल्या पितळी टिकल्या या जत्रेत सुभद्रेच्या काठाला लावल्या आहेत, आणि अजून मूठभर शिल्लक आहेत.